मध जंतूंना मारतो, अँटिबायोटिकला नाही

एकफुली मधाबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: एकफुली मध म्हणजे मधमाश्यांनी फक्त एकाच फुलाचा रस आणलेला, म्हणून शुद्ध. तो स्वतःच जंतू मारतो, त्यामुळे त्यात अँटिबायोटिकचा अंश राहूच शकत नाही. आणि जखमेला लावा, रोज चमचाभर खा, तान्ह्या बाळालाही द्या, औषधाची गरज नाही. सोबत व्हिडिओ, काचेच्या बशीत जंतूंचा थर, मधोमध मधाचा थेंब आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल कडं.

तर ते कडं खोटं नाहीये, आधी हे मान्य करून टाकू. मधात पाणी साधारण १७ ते २० टक्के, बाकी जवळपास सगळी साखर, ती जंतूंमधलं पाणी ओढून घेते, त्यात मध आंबट, पीएच ४ च्या आसपास. आणि खरी गंमत तो पातळ झाल्यावर सुरू होते. मकरंद पिकवताना माशी ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्यात सोडते, घट्ट मधात ते गप्प पडून असतं, पाणी मिळालं की कामाला लागतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं, तेही जखम धुवायच्या ३ टक्केवाल्या पेरॉक्साइडच्या मानाने हजारपट वगैरे कमी. मध जास्त तापवला की हे एन्झाइम गेलं.

पण व्हिडिओत शेजारी नुसत्या साखरेच्या पाकाचा थेंब कुठेय? लॅबमध्ये साखरेचा परिणाम वगळायला मध पातळ करून लावतात, मग कॅटलेज नावाचं एन्झाइम घालून पेरॉक्साइड मोडून टाकतात आणि उरलेली ताकद बघतात. बरं, भरपूर अँटिबायोटिक कालवलेल्या पाकानेही अगदी असंच कडं पडतं, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा पुरावा दाखवलाय ती त्यातून कळतच नाही.

आता एकच फूल. एक माशी एका फेरीत बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर जाते हे खरंय, पण पोळ्यात हजारो माश्या असतात आणि त्या काही किलोमीटरपर्यंत जातात, त्यांना कोण अडवणार? एकफुली म्हणजे एका फुलाचं प्रमाण जास्त. मायक्रोस्कोपखाली पराग मोजतात, ढोबळ नियम ४५ टक्क्यांचा, लॅव्हेंडर किंवा संत्रावर्गीय मधाला त्याहून बराच कमीही चालतो. फुलाने ताकद बदलते हे मात्र खरं. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं जंतू मारणारं रसायन असतं, ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवलं, आणि ते पेरॉक्साइड काढून टाकलं तरी काम करतं. पण ती मानुकाच्या मकरंदाची खासियत, प्रत्येक एकफुली मधाला ती चिकटवता येत नाही.

मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य म्हणजे जंतू मारतो म्हणून अँटिबायोटिक राहत नाही. अहो, अँटिबायोटिक काय जिवंत असतं का मरायला? तो रेणू आहे. माशांच्या अळ्यांना फाऊलब्रूड नावाचा रोग होतो, पोळं सडतं, म्हणून काही मधपाळ ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा टायलोसिन ही अँटिबायोटिक पिठीसाखरेत मिसळून अळ्यांच्या चौकटींवर भुरभुरतात किंवा पाकातून देतात, आणि माश्या तो पाक इकडून तिकडे हलवतात, मधाच्या कप्प्यांतसुद्धा. फूल एकच असलं म्हणून हे थांबत नाही. उलट सफरचंद-नासपतीच्या बागेत फायर ब्लाइट या झाडांच्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक फवारलं असेल तर ते फुलातूनच येऊ शकतं. मधात टायलोसिनचं हळूहळू डेस्मायकोसिन होतं, तेही जंतुनाशकच. सल्फा औषधं साखरेला चिकटून बसतात, आधी आम्ल घालून सोडवली नाहीत तर टेस्टमध्ये कमी दिसतात. म्हणजे मध त्यांना संपवत नाही, काहींना तर लपवतो. २००२ मध्ये युरोपियन युनियनने चीनच्या मधाची आयात थांबवली ती क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकच्या अंशांमुळे, मधात ते आपोआप नाहीसं होत असतं तर ही वेळच आली नसती.

आणि मजा बघा, अमेरिकन फाऊलब्रूडचा जंतू बीजाणू, म्हणजे स्वतःचं टणक, झोपलेलं रूप, बनवतो आणि ते मधात वर्षानुवर्षं टिकतात, माश्या रोगट पोळ्यातला मध लुटून आणतात आणि रोग आपल्या घरी नेतात. तोच मध, जो म्हणे सगळे जंतू मारतो.

याच्या उलटं बोलणारेही आहेत, की मध जंतू मारतो तो भेसळीच्या अँटिबायोटिकमुळेच. तेही नाही. अंश सापडतात ते सहसा किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, जंतू मारायला साधारण हजारपट जास्त लागतं. मग काळजी कशाची? क्लोरॅम्फेनिकॉलने क्वचित कुणाची अस्थिमज्जा बंद पडते आणि त्याचा सुरक्षित डोस सांगता येत नाही, शिवाय सतत औषध दिल्याने फाऊलब्रूडचे जंतूच टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झालेत.

राहिला औषधाचा मुद्दा. भाजलेल्या वरवरच्या जखमा मधाने लवकर भरतात, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ते आहे, पण दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातल्या बरणीतला नाही. खोकल्याला आराम पडतो, चांगलंय. पण खाल्लेला मध पोटात पातळ होऊन पचतो, रक्तात जाऊन जंतू मारत नाही. आणि तान्ह्या बाळाला द्या हे तर कुणी लिहिलंय देव जाणे! मधात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष बनवतात, म्हणून पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत एक थेंबही नाही, एकफुली असो की शंभरफुली.