सरकारवाड्याला पुस्तकं पेलतील का?

नाशिकच्या सराफ बाजाराच्या कोपऱ्यावर कटिंग हातात यायच्या आधीच वाद पेटला. विषय मास्तरांनी काढला : "सरकारवाडा म्हणजे पेशवाईतला वाडा. सावाना, म्हणजे 1840 सालचं आपलं सार्वजनिक वाचनालय, बरीच वर्षं याच वाड्यात होतं. वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. मग माडीवर परत वाचनालय करा ना!"

"मास्तर, भावना ठीक, पण वजन कोण धरणार?" इंजिनियर म्हणाला. "राहत्या घराच्या मजल्याला चौरस मीटरला 200 किलो धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान 600. दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण 9.3 चौरस मीटर. घर म्हणून 1.9 टन, रॅक लावले की साडेपाच."

"पूर्वी नव्हती का पुस्तकं?"

"होती की, भिंतीलगत लाकडी कपाटांत. मधोमध लोखंडी रॅकच्या रांगा वेगळ्या. तुळईला मधलं वजन जड जातं."

इथे मिस्त्री घुसला. त्याच्या मते तुळई मधे मोडत नाहीच, भिंतीत घुसलेल्या टोकाला सडते. सागवान दिसायला ठणठणीत असतं, पण ते टोक कुणी बघत नाही. हातोडीनं ठोकायचं : खणखणीत आवाज आला तर बरं, भद्द वाजलं की समजायचं. मग टोच्या घालून बघायचा. सहज आत गेला तर तेवढा भाग गेला. आधी खालून टेकू, मग कुजकं टोक निरोगी लाकडापर्यंत कापून तिरका सांधा देऊन नवं सागवान बोल्टनं जोडायचं. अख्खी तुळई बदलायची घाई करायची नाही, जुन्या सागासारखा साग आता मिळत नाही.

"पण सडते कशानं?"

"सिमेंटनं!" मिस्त्री जवळजवळ ओरडला. (हा त्याचा आवडता शत्रू, पण इथे त्याचं खरं आहे.) जोत्यातून ओल वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. बाहेरून सिमेंट फासलं की वाट बंद होते, ओल आणखी वर सरकते आणि थेट तुळईच्या टोकाशी बसते. वरवर भिंत कोरडी, खाली मिठाची पांढरी खार फुलते, गिलाव्याचे पोपडे पडतात. मग कुणी तरी त्यावर आणखी सिमेंट चढवतं.

त्याचा नुस्खा : कळीचा चुना विझवून दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवायचा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू, दगडी घाण्यात मळून. वर गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. एक थर बोटभरापेक्षा जाड नको, आणि प्रत्येक थर आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली. एप्रिल-मेच्या उन्हात काम काढलं की भेगा ठरलेल्या. "ठेकेदाराला मार्चअखेर बिल हवं असतं, चुन्याला वेळ हवा असतो," एवढं बोलून त्यानं चहा संपवला.

मास्तर हटेनात. "बरं, माडीवर नको, खाली करा!"

"आणि गोदामाई?" इंजिनियरनं गोदावरीच्या पुराची आठवण काढली. 2008 आणि 2016 या दोन्ही वर्षी सराफ बाजारात पाणी शिरलं होतं, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती (पुराची पातळी लोक याच मूर्तीवरून जोखतात) बुडाला की इथल्या दुकानदारांचा माल वर चढायला लागतो. वाड्याला उंच जोतं आणि दगडी पायऱ्या आहेत, त्या शोभेला नाहीत. तरी तळमजल्यावर पुस्तकं ठेवणं म्हणजे दरवर्षी जुगार.

शेवटी मास्तर एवढ्यावर आले : माडीवर भिंतीवरची चित्रं, नकाशे, हलकी प्रदर्शनं, एका वेळी मोजकीच माणसं, तळमजल्यावर चटकन उचलून नेता येतील अशाच गोष्टी. वाडा उघडा राहिला, झाडला-लोटला गेला, तर वाळवीही लवकर दिसते. बंद खोलीत ती दिसते तोवर चौकट पोकळ झालेली असते.

"पण आधी मोऱ्या बघा," मिस्त्री उठता उठता म्हणाला. पूर चढला की असल्या वाड्यांत पाणी दारातून नंतर, मोरीतून आधी येतं. इंजिनियरनं लगेच तोंडाला एकदिशा झडप सुचवली. मिस्त्री हसला : "बसव. गोदेच्या गाळाचा एक खडा अडकला की झडप उघडीच राहते. जूनच्या आधी हात घालून साफ कोण करणार, ते आधी ठरव."