अण्णा, तुमच्या त्या अ‍ॅनिमेच्या मेसेजबद्दल

काल रात्री डोंबिवलीच्या अण्णांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, वरती ‘पालकांनो सावधान’ आणि लाल दिव्याचे चार इमोजी. तुमच्याकडेपण फिरून आलाच असेल. थोडक्यात काय तर अ‍ॅनिमे म्हंजे जपानी कार्टून बघून मुलांना फिट येते, जपानमध्ये १५ लाख तरुण अ‍ॅनिमेमुळे खोलीत कोंडून बसलेत, जागतिक आरोग्य संघटनेने याला आजार ठरवलाय, मुलं संस्कृती विसरतात, एकलकोंडी होतात, मार्क घसरतात, तेव्हा आजच मोबाईल काढून घ्या. आणि इकडे देवगडला आत्याने सकाळचा चहा व्हायच्या आत आतेभावाचा मोबाईल कपाटात टाकून किल्ली कनवटीला लावली पण. पोरगा नववीत आहे. मी दहा वर्षं अ‍ॅनिमे बघतेय, त्याचा फटकापण खाल्लाय, म्हणून लिहितेय. अण्णानू, राग धरू नका.

फिटचं आधी, कारण आत्या सगळ्यात जास्त त्याला घाबरली. ते घडलंय, खोटं नाहीये. १६ डिसेंबर १९९७, पोकेमॉनचा एक भाग, त्यात काही सेकंद लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा लपलपला आणि जपानभर ६८५ मुलांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, बहुतेक लवकर बरी झाली. मालिका चार महिने बंद ठेवली आणि नंतर तिथल्या चॅनलांनी असा उजेड दाखवण्यावर नियम केले. म्हंजे गडबड त्या लपलपीची होती, चित्र जपानी असण्याची नव्हे. उजेडाने फिट येणं हा प्रकार मिरगीच्या शंभरातल्या तीनेक जणांना असतो आणि त्यांना डीजेच्या लाईटनेही त्रास होऊ शकतो, अगदी गाडीतून जाताना माडांच्या रांगेतून ऊन-सावली भराभर डोळ्यावर येते ना, त्यानेसुद्धा. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. बाकीच्यांनी खोलीत दिवा लावून आणि स्क्रीनपासून जरा लांब बसून बघावं, काळोखात गोधडीखाली नाकाला मोबाईल लावून नको.

आरोग्य संघटनेचं दोन ओळींत संपतं. त्यांच्या आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगचा विकार आहे. गेमिंग. अ‍ॅनिमे नाही, टीव्हीपण नाही. कुणीतरी शब्द बदलून पुढे ढकललंय.

आता ते १५ लाख. जपानीत हिकिकोमोरी म्हणतात, सहा महिने किंवा जास्त काळ घरातच राहणारी, कामधंदा-शाळा-दोस्त सगळं सुटलेली माणसं. आकडा जवळपास बरोबर आहे, तिथल्या सरकारच्या २०२२ च्या पाहणीत अंदाज १४ लाख ६० हजारांचा होता, पण ते सगळे ‘तरुण’ वगैरे नाहीत बरं का, १५ ते ६४ वयाचे लोक आहेत त्यात. चाळिशीच्या पुढच्यांनी सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण होतं नोकरी सुटणं. तरुणांमध्ये माणसांशी जमलं नाही हे मोठं कारण, आणि साधारण पाचातल्या एकाने कोरोनाकडे बोट दाखवलं. घरात कोंडलेला माणूस दिवसभर काहीतरी बघणारच ना, मग आपण बाहेरून बघून म्हणतो की बघून बघून कोंडला. पाऊस लागला म्हणून छत्री उघडली की छत्री उघडली म्हणून पाऊस लागला?

आणि हे मी आतेभावाकडे बघून बोलतेय. वाडीत त्याच्या वयाची पोरं किती उरलीत, आत्या? दोन. त्यातला एक जूनमध्ये मामाकडे मुंबईला शिकायला गेला. दोघांत क्रिकेट कसं खेळणार, आणि चार महिने पाऊस. निम्मी घरं कुलपात, गणपतीला उघडणार. या पोराला जपानच्या शाळेतली व्हॉलीबॉल टीम बघून बरं वाटतं कारण तिथे सहा जण तरी आहेत. तो काय बघतो ते सगळ्यांनी विचारलं, कुणाबरोबर खेळतो ते त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये.

संस्कृतीबद्दल मला हसूच आलं. अण्णा, १९९३ ला दूरदर्शनवर रविवारी जंगल बुक लागायचं, तुम्ही पोरांना मांडीवर घेऊन बघायचात असं काकीच सांगते, ते जपानी अ‍ॅनिमे होतं. आणि युगो साको नावाच्या जपानी माणसाने आपल्या लोकांना घेऊन रामायणावर अख्खा सिनेमा काढला, २०२५ च्या जानेवारीत परत थेटरात लागला होता.

आता जे खरं आहे तेपण सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी एकाच बाजूने बोलते. मार्कांचं खरं असू शकतं. माझं झालंय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एक भाग २४ मिनिटांचा, तो ऐन मारामारीत तुटतो आणि पुढचा आपोआप सुरू होतो, २५ भागांचा सीझन म्हंजे १० तास, असे मी दोन-दोन दिवसांत संपवायचे. सुट्टीत घरी आले की आई पहाटे दारात उभी, “गो चेडवा, कोंबो आरावलो, आता तरी झोप”. दोन केट्या लागल्या, म्हंजे दोन विषय राहिले. तेव्हा मीपण अ‍ॅनिमेला शिव्या दिल्या, पण नीट आठवलं तर आधी मैत्रीण रूम सोडून गेलेली, मग मी रात्री जागायला लागले, मग दिवसा लेक्चरला डोळे मिटायला लागले. त्या वयात ७ ते ९ तास झोप लागते, मला चार मिळत होती. चिडचिड, काही लक्षात न राहणं, कुणाचा फोन न घेणं, हे सगळं आधी झोपेच्या खात्यात जातं. अ‍ॅनिमेऐवजी रील असते तरी तेच झालं असतं.

आणि रात्रभर बघणं आपल्याला नवीन आहे का? जत्रेला दशावतार उजाडेपर्यंत बघतोच की, संकासुर वेद चोरतो, तलवारी खणखणतात, लहान पोरं मांडीवरच झोपतात. फक्त ते एका रात्रीचं असतं, शेजारी गाव बसलेलं असतं आणि सकाळी पडदा पडतो, पुढचा भाग आपोआप सुरू होत नाही.

मोबाईल कपाटात टाकून तो मुंबईला गेलेला दोस्तपण तुटलाय, कारण त्याच्याशी बोलायचं तेही त्याच मोबाईलवरून. म्हणून आज आत्याला फोन केला, किल्ली काढायला लावली. ठरलंय असं की जेवणानंतर दोन भाग, पुढच्या खोलीत टीव्हीवर, ऑटोप्ले बंद, आणि दहाला मोबाईल आत्याच्या उशाशी. हे करूनसुद्धा तो जेवेना, बोलेना, शाळेला जाईना असं आठवडे चाललं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हंजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा, सरकारी आहे, फुकट आहे.

मघाशी आत्याने पहिल्या भागाचा रिपोर्ट दिला. पांढऱ्या केसांचा एक आला तर म्हणाली, “ह्यो म्हातारो कोण रे?” आणि आमचा हिरो दिवसात पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, “म्हातारो नाय गो आये, सोळा वर्साचो आसा तो.”