साडू, एक्सेल आणि हॉल ऑफ फेम

माझे साडू एरवी अत्यंत सज्जन मनुष्य. इन्शुरन्समध्ये रिस्कचं काहीतरी बघतात, रात्री साडेनऊला झोपतात, दुसऱ्याच्या घरी जेवले तर आपलं ताट स्वतः धुतात. पण फेब्रुवारी आला, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची नॉमिनेशनची यादी लागली की ह्या माणसाच्या अंगात येतं. अक्षरशः येतं. केस मोकळे सोडून घुमायचंच काय ते बाकी राहतं, आणि तेही केस नाहीयेत म्हणून.

२०२३ च्या फेब्रुवारीत असाच फोन आला. हॅलो नाही, कसे आहात नाही, थेट "पाहिलीत यादी?" मी म्हटलं कसली यादी, मला वाटलं बायकोने सामानाची वगैरे पाठवलीय. "अहो साडूभाऊ, आयर्न मेडन आहेत! परत आहेत! आता बघतो कसे घेत नाहीत ते." जणू काही त्या हेवी मेटल बँडमध्ये हे स्वतः ड्रम्स वाजवतात.

ज्यांना ह्या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे माझा त्रास नीट कळेल. १९८३ मध्ये ॲटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमत एर्तेगुन वगैरे मंडळींनी रॉकमधल्या दिग्गजांचा मान करायला ही संस्था काढली, १९८६ ला पहिली दहा नावं घेतली, चक बेरी, एल्विस, रे चार्ल्स, लिटल रिचर्ड अशी सगळी तालेवार. पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येऊन २५ वर्षं झाली की तुम्ही पात्र. मग एक कमिटी नावं काढते आणि हजाराहून जास्त लोक मतं देतात, आधी आत गेलेले कलाकार, इतिहासकार, धंद्यातले लोक असे. निकष काय, तर रॉक अँड रोलच्या वाटचालीवरचा प्रभाव आणि महत्त्व. आता ह्या दोन शब्दांत तुम्ही कोणालाही बसवू शकता आणि कोणालाही उठवू शकता. आणि तेच तर हवंय! नियम स्पष्ट असते तर भांडायला काय उरलं असतं?

पब्लिकलाही मत देता येतं, रोज देता येतं, महिनोन्महिने. फक्त त्यात एक मेख आहे. लाखो लोकांच्या लाखो मतांतून वर आलेल्या नावांचं मिळून एक बॅलट बनतं. एक. ते त्या हजार-बाराशे बॅलटांच्या ढिगात टाकतात. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून एका माणसाएवढं व्हायचं. २०२० मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँड दहा लाखांहून जास्त मतं घेऊन पब्लिकमध्ये पहिला आला आणि त्या वर्षी त्यांना घेतलंच नाही, आत जायला २०२४ उजाडलं. मी हे सगळं साडूभाऊंना गणित मांडून समजावलं, ज्या माणसाचं पोट रिस्क मोजण्यावर चालतं त्याला! ते म्हणाले, थेंबे थेंबे तळे साचे. आणि स्वतःच्या फोनवरून, मेव्हणीच्या फोनवरून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून रोज मत देत सुटले.

मग एक्सेल आलं.

त्या एक्सेलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय. यादीत १४ नावं होती. साडूभाऊंनी कॉलम केले : प्रभाव, विक्री, लाइव्ह परफॉर्मन्स, टिकाऊपणा. प्रत्येकाला वेटेज. म्हणाले, मी भावनेने बोलतो असं तुम्ही म्हणता ना, हे घ्या, आता आकडे बोलतील. आकडे बोलले. पहिला आला जॉर्ज मायकल. साडूभाऊ दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, विक्रीला जरा जास्तच वेटेज पडलंय. ते कमी केलं. आता मिसी एलियट वर आली. मग टिकाऊपणा वाढवला तर नव्वदीला टेकलेले विली नेल्सन सगळ्यांना मागे टाकून निघून गेले, साहजिकच आहे, टिकाऊपणात त्यांच्याशी कोण भिडणार. असं करत करत संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक नवीन कॉलम उगवला, 'मॅस्कॉट'. आयर्न मेडनचा तो एडी म्हणून सांगाडा असतो ना, त्याला दहापैकी दहा. बाकी तेरा जणांना शून्य. "आता बरोबर येतंय," असं म्हणून त्यांनी फाइल सेव्ह केली आणि नाव दिलं फायनल. त्याआधीच्या फायनल-१ ते फायनल-६ मी पाहिल्यात.

माझ्या बायकोने ह्या सगळ्या काळात एक मत दिलं. आयुष्यात एक. साडूभाऊंनीच तिच्या हातात फोन दिला होता मेडनला मत द्या म्हणून, आणि हिने जॉर्ज मायकलला देऊन टाकलं, वर विचारलं, हा गेला ना रे बिचारा? मे महिन्यात निकाल. जॉर्ज मायकल पब्लिकमध्येही पहिला आणि आतही. विली नेल्सन आत. मिसी एलियट आत, शेरिल क्रो आत. आयर्न मेडन, २०२१ सारखेच, बाहेर.

त्या दिवशी फोन आला नाही. त्यामुळे जास्त घाबरलो.

आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसला आणि म्युझियम आहे क्लीव्हलँडला, दोन-सव्वादोन तासांवर, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला तिथे नेणं हे आमचं प्रारब्ध. जूनमध्ये साडू, मेव्हणी आणि भाची आले. मी नायगाराचा विषय काढून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. निषेध नोंदवायचाय म्हणाले. निषेध नोंदवायला तिकीट काढून आत जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि त्यासाठी कॉलेजातला आयर्न मेडनचा टीशर्ट घालून आले होते. टीशर्ट कॉलेजातला, पोट आत्ताचं. तो सडका, भेसूर एडी साडूभाऊंच्या पोटावर असा काही ताणला गेला होता की चक्क हसरा आणि खात्यापित्या घरचा दिसत होता.

गाडीत बसतानाच बायकोने जाहीर केलं की हॉलवरून वाद घातला तर दर वेळी एक डॉलर, आणि 'डिझर्व' हा शब्द उच्चारला तर दोन. कोलंबसची हद्द ओलांडेपर्यंत साडूभाऊंचे सात डॉलर झाले होते आणि माझे चार. कारण काय, तर त्यांनी विली नेल्सन कंट्री म्युझिकवाला आहे, रॉकवाला नाही म्हटलं आणि मी म्हटलं मग डॉली पार्टनचं काय, तीही कंट्रीवालीच. २०२२ ला त्या बाई स्वतःच म्हणाल्या की माझी लायकी नाही, माझं नाव काढा, तरी ह्यांनी नाव ठेवलंच, मतंही पडली, शेवटी गेल्या आत, आणि मग हिशेब चुकता करावा तसा पुढच्या वर्षी रॉकचा अल्बम काढला. मला तर हे फार आवडलं. आधी कॉलेजात ॲडमिशन आणि मग अभ्यास.

खरं सांगायचं तर ह्या प्रकरणात मला संगीतापेक्षा मानपान जास्त दिसतात. आपल्याकडच्या लग्नात नाही का एक काका मांडवाच्या दाराशी रुसून उभे असतात, आत या म्हटलं तर येत नाहीत आणि नाही म्हटलं तर आयुष्यभर सुनावतात? ब्लॅक सबाथ बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्नने १९९९ ला पत्र लिहून कळवलं की आमच्या बँडचं नाव यादीतून काढा. २००६ ला सबाथ आत, २०२४ ला ऑझी एकटाही आत. गायिका शेर म्हणाली दहा लाख डॉलर दिले तरी येणार नाही, आणि वर्षाच्या आत आली. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड मात्र शब्दाचा पक्का. त्यांनी २००६ ला हाताने लिहिलेली चिठ्ठी धाडली, त्यात हॉलची तुलना लघवीच्या डागाशी केली होती, आणि हे लोक इतके कोडगे की ती चिठ्ठी समारंभात मोठ्याने वाचून दाखवली. माझा सगळ्यात लाडका मात्र रश बँडचा ॲलेक्स लाइफसन. वर्षानुवर्षं लटकवून २०१३ ला घेतलं, तर हा माणूस माइकसमोर उभा राहिला आणि अख्खं भाषण फक्त 'ब्ला ब्ला ब्ला' ह्या एका शब्दात, हातवारे करून, अभिनयासकट केलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगांमध्ये ह्याहून जास्त अर्थाचं मी काही ऐकलेलं नाही.

असो. क्लीव्हलँड. एरी तलावाच्या काठावर आर्किटेक्ट आय. एम. पेईंनी बांधलेला काचेचा मोठा पिरॅमिड, आणि पाण्यावरून असा वारा की जूनमध्येही कानात बोटं घालावीत. क्लीव्हलँडच का, तर इथला रेडिओवरचा डीजे ॲलन फ्रीड. रॉक अँड रोल हा शब्द घरोघरी नेला तो त्याने, १९५२ मध्ये त्याने इथे जो कार्यक्रम ठेवला त्याला लोक पहिली रॉक कॉन्सर्ट म्हणतात, आणि ती गर्दी अनावर झाल्यामुळे सुरू होते न होते तोच बंद पाडली गेली. त्याच्या अस्थी २००२ पासून ह्याच म्युझियममध्ये होत्या. २०१४ ला म्युझियमने त्याच्या मुलाला सांगितलं, घेऊन जा. हे मी साडूभाऊंना सांगितलं आणि पस्तावलो. ते जिन्याजवळ थांबले, एडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ज्याच्यामुळे इमारत इथे आहे त्याच्या अस्थी हे लोक बाहेर काढतात, आणि मी मेडनसाठी ह्यांच्याकडे न्याय मागतोय."

मेव्हणी तेवढ्यात म्हणाली, तुमच्या त्या पहिल्या दहांत एक तरी बाई आहे का हो? नव्हती. अरीथा फ्रँकलिन पहिली, ती १९८७ ला. मेव्हणी ह्यावर काही बोलली नाही, नुसती साडूभाऊंकडे बघत राहिली, म्हणजे कमिटीवर तेच होते असं. (२०२३ च्याच सप्टेंबरमध्ये हॉलच्या संस्थापकांपैकी यान वेनरनी बायका आणि कृष्णवर्णीय कलाकारांबद्दल मुलाखतीत असं काही बरळून ठेवलं की त्यांना बोर्डावरून काढलं. मेव्हणीने मला ती बातमी पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता.)

भाचीने तोवर कानातलं काढलं नव्हतं. एल्विसच्या कपड्यांसमोर एक कान मोकळा करून तिने विचारलं, हा स्वतः गाणी लिहायचा का? म्हटलं, फारसा नाही. "मग कव्हर आर्टिस्टच ना?" आणि कान परत बंद. साडूभाऊ आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला, तिला उत्तर द्यायला तोंड उघडून उभे राहिलो आणि दोघांनाही काही सुचलं नाही. 'हाउंड डॉग' आधी गायली होती बिग मामा थॉर्नटनने, एल्विस आत गेला १९८६ ला आणि ती गेली २०२४ ला, वारल्यानंतर चाळीस वर्षांनी. हे तेव्हा घडायचं होतं म्हणून बरं, नाहीतर पोरीने तेही तोंडावर मारलं असतं.

आणि मग तळमजल्यावर माझं पितळ उघडं पडलं.

काय झालं, गिटारवाला एरिक क्लॅप्टन ह्या हॉलमध्ये तीनदा आहे, यार्डबर्ड्स बँडबरोबर, क्रीम बँडबरोबर आणि परत एकटा. साडूभाऊ त्यावर कौतुकाने बोलत होते आणि माझा तोल गेला. म्हटलं, एकाला तीन खुर्च्या, आणि शीकला अकरा वेळा नॉमिनेट करून एकही नाही? साडूभाऊंनी विचारलं, शीक कोण? म्हणजे कळलं होतं त्यांना, पण खात्री करत होते. "डिस्को? साडूभाऊ, तुम्ही डिस्को ऐकता?" हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला त्या आवाजात आमच्या आजीने मला एकदा, एकादशीच्या दिवशी, तुझ्या तोंडाला कसला वास येतोय असं विचारलं होतं.

हो, ऐकतो! वीस वर्षं लपवून ऐकतोय! शीकच्या बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस ऐका एकदा, १९७९ च्या 'गुड टाइम्स'चा, त्यावर पहिलं गाजलेलं रॅपचं गाणं उभं राहिलं, क्वीनने पुढच्या वर्षी त्याच चालीचा बेस घेऊन धमाल उडवली आणि क्वीन २००१ ला आत जाऊन बसले. शीकच्याच नाइल रॉजर्सने बोवी आणि मॅडोनाला हिट अल्बम करून दिले, दोघंही आत. आणि ह्यांचं स्थळ अकरा वेळा बघून गेले, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि २०१७ ला निरोप काय, तर नाइल रॉजर्स एकटा पसंत आहे, बाकीचं बिऱ्हाड नको, आणि तोही पुढच्या दाराने नाही, म्युझिकल एक्सलन्स म्हणून बाजूचं दार आहे तिथून! "मेटलवाल्या ज्यूडस प्रीस्टला पण तिथूनच घेतलं," साडूभाऊ पडेल आवाजात म्हणाले. आसपासची माणसं आमच्याकडे बघत होती. बायको बोटांवर डॉलर मोजत होती.

परत येताना गाडीत कोणी बोलेना. साडूभाऊंचा हिशेब एकोणीस डॉलरवर, माझा बावीसवर गेला होता, त्यामुळे बोलणं परवडतही नव्हतं. मेव्हणीने रेडिओ लावला. दोन जाहिराती झाल्या आणि लागलं नेमकं शीकचं 'ल फ्रीक'. १९७७ च्या ३१ डिसेंबरला रॉजर्स आणि एडवर्ड्सना न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ च्या दारावरून हाकललं होतं, बोलावणं असूनसुद्धा, आणि त्या रागात घरी जाऊन त्यांनी हे गाणं केलं, आधी तर शिवीच होती त्यात. हे मला फार सांगावंसं वाटत होतं. जीभ चावून गप्प बसलो, एक डॉलर वाचवला.

मग उजव्या हाताला, शेजारच्या सीटवर काहीतरी हललं. बघतो तर साडूभाऊ खिडकीबाहेर मक्याच्या शेतांकडे बघतायत, चेहरा दगड, पण खाली उजवा पाय. बरोबर बीटवर. पोटावरचा एडीसुद्धा हलत होता.

मागून बायकोचा हात पुढे आला, तळवा वर. "एक डॉलर."

"मी एक शब्द बोललो नाहीये!"

"तुम्ही नाही बोललात, भाऊजी. पाय बोलला."