सोळा जीबीतले मुख्यालय

सॉफ्टवेअर विकासकामासाठी क्लाउडवर असलेला सामायिक क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा समूह, आमच्या कंपनीने खर्चकपातीच्या नावाखाली गेल्या आठवड्यात बंद केला आणि प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर स्वतःचा क्लस्टर उभारावा, असे फर्मान काढले. सोबत ‘पाच मिनिटांत क्लस्टर’ या शीर्षकाचे एक माहितीपत्रकही होते. काइंड नावाच्या साधनाने रिकामा क्लस्टर खरोखरच पाच मिनिटांत उभा राहतो. मात्र आमच्या चौदा सेवा, म्हणजे आमच्या प्रणालीचे स्वतंत्रपणे चालणारे भाग, त्यावर चालतात का, हे पाहण्याची तसदी पत्रक लिहिणाऱ्याने घेतलेली नव्हती.

असे क्लस्टर चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली गूगलने २०१४ साली जगासमोर आणली, ती असंख्य यंत्रांवर विखुरलेली कामे सांभाळण्याच्या स्वतःच्या अनुभवातून. कोणता पॉड (सेवेची एक चालती प्रत) कोणत्या नोडवर (यंत्रावर) पाठवायचा हे ठरवणारा शेड्युलर, प्रत्येक मागणी स्वीकारणारा एपीआय सर्व्हर, सगळ्या नोंदी जपणारे एट्सीडी, हा लवाजमा शेकडो यंत्रांच्या दालनात शोभून दिसतो. लॅपटॉपवर नोड एकच असतो. तरीही प्रत्येक पॉड आला की शेड्युलर उपलब्ध नोडची यादी काढतो, पात्रता तपासतो आणि गंभीरपणे त्या एकाच नावाची निवड करतो. काही वेळा तर तेही करत नाही.

नेमक्या अशाच एका वेळी माझे सासरे, अप्पा, चहाचा कप घेऊन माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसले. अप्पा तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत. चष्मा कपाळावरून नाकावर घेत त्यांनी पडदा न्याहाळला आणि विचारले, “जावईबापू, हे सात जण पेंडिंग दिसतात. कोणाच्या टेबलावर आहेत?”

“शेड्युलरच्या.”

“शेरा काय मारलाय त्याने?”

मी तपशील मागवला. एकापैकी शून्य नोड उपलब्ध, मेमरी अपुरी, असा शेरा होता.

“मग जागाच शिल्लक नव्हती, तर आवक खिडकीवर अर्ज घेतलेच कसे?”

अर्ज नमुन्यानुसार भरला आहे की नाही एवढेच एपीआय सर्व्हर पाहतो, जागा आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे, असे मी सांगितले, तेव्हा जुना सहकारी अचानक भेटावा तसा आनंद अप्पांच्या चेहऱ्यावर पसरला. लॅपटॉपची मेमरी सोळा जीबी असली, तरी विंडोजमध्ये लिनक्ससाठी असलेल्या उपव्यवस्थेला मुळात त्यातली निम्मीच मिळते, आणि क्लाउडवरून जशाच्या तशा उचललेल्या आमच्या अर्जांत प्रत्येक सेवेने एकेक जीबी मागून ठेवला होता. प्रत्यक्ष वापर किती आहे हे शेड्युलर पाहत नाही; तो मागण्यांची बेरीज करतो आणि तेवढी जागा अडवून ठेवतो.

“म्हणजे गाळे रिकामे, पण वाटप पूर्ण,” अप्पा म्हणाले. “यात तुमच्या संगणकाचा काही दोष नाही.”

मी मागण्या कमी करायला घेतल्या. हे अर्ज ज्या भाषेत लिहितात त्या यॅमलमध्ये डावीकडची मोकळी जागा स्पेस देऊनच सोडावी लागते, टॅब वापरलेला चालत नाही, हे कळल्यावर अप्पांना त्या भाषेविषयी आदर वाटू लागला. समास सोडला नाही एवढ्या कारणावरून त्यांनी स्वतः कित्येक अर्ज परत पाठवले होते आणि त्याबद्दल त्यांना आजही खेद नाही.

जागा मिळाली, तर एक सेवा ‘इमेजपुलबॅकऑफ’, म्हणजे इमेज आणता येत नाही, असा शेरा दाखवू लागली. तिची इमेज, म्हणजे सेवा चालवायला लागणारे सगळे बांधलेले गाठोडे, मी त्याच लॅपटॉपवर नुकतीच तयार केली होती. परंतु काइंडचा नोड हा स्वतःच एक कंटेनर, म्हणजे लॅपटॉपमधली एक बंदिस्त खोली, असल्याने त्याचे इमेजचे कोठार वेगळे असते, आणि इमेजवर ‘लेटेस्ट’ असे लेबल असले की प्रत्येक वेळी इंटरनेटवरच्या भांडारात चौकशी करायची, हा मूळ नियम.

“शेजारच्या खोलीतला कागद आणायला माणूस मंत्रालयात पाठवायचा,” अप्पांनी मान डोलावली. “बरोबर आहे. जावक क्रमांक तिथलाच लागतो.”

लेबल बदलून आणि इमेज हाताने नोडमध्ये चढवून तो प्रश्न सुटला. त्यानंतर, मागण्यांसोबत मेमरीची मर्यादाही मीच घटवलेली असल्यामुळे, जावा या भाषेत लिहिलेल्या सेवा एकामागून एक मरू लागल्या. प्रत्येकीसमोर १३७ हा आकडा होता. अप्पांनी ते कोणते कलम, असे विचारले. १२८ मध्ये ९ मिळवले की १३७ होतात आणि ९ हा ठार मारण्याचा सिग्नल आहे, हे मी समजावले. मेलेला कंटेनर त्याच पॉडमध्ये त्याच नावाने पुन्हा उभा केला जातो, पहिल्यांदा लगेच, मग दहा सेकंदांनी, मग वीस, मग चाळीस, असे करत अंतर पाच मिनिटांपर्यंत वाढते, हेही सांगितले.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अनुकंपा तत्त्वावरची भरती दहा सेकंदांत? आमच्याकडे लोकांच्या चपला झिजल्या.”

मला हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. क्लाउडचे बिल वाचले म्हणून वरिष्ठांच्या बैठकीत टाळ्या वाजल्या असतील. पण ते काम आता माझ्या विजेवर, माझ्या लॅपटॉपच्या भणभणणाऱ्या पंख्यावर आणि माझ्या संध्याकाळींवर चालते, आणि या खर्चाचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. बत्तीस जीबी मेमरीची मागणी नोंदवली, तर ‘व्यावसायिक गरज स्पष्ट करावी’ असे उत्तर आले. ती स्पष्ट केली, तर पुढील आर्थिक वर्षात विचार होईल, असे कळले.

सध्या ब्राउझर बंद ठेवला तर चौदाही सेवा चालतात. काल सगळ्यांनी आपापला क्लस्टर व्हिडिओ बैठकीत चालवून दाखवायचा होता. बैठक ब्राउझरमध्ये उघडताच माझ्या तीन सेवा कोसळल्या. मी अडचण सांगितली, तेव्हा व्यवस्थापकांनी अत्यंत समजूतदार स्वरात सुचवले की, मग तुम्ही बैठकीला स्वतःच्या मोबाइलवरून येत जा आणि कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्याकडे धरत जा.