आधी मिठी, मग ओळख

‘अळिंबीला २३ हजार लिंगे असतात. ती वासावरून जोडीदार शोधते. स्वतःला सोडून कुणाशीही तिचे जुळते. म्हणूनच अळिंबी खाल्ली की माणसाचेही आकर्षण वाढते!’ हा मजकूर तीनदा आला, तीनदा न बोलता पुसला. चौथ्यांदा तो दहावीतल्या भाचीने पाठवला: “मावशी, प्रोजेक्टमध्ये घालू ना?” नको गं बाई.

आकडा निम्मा खरा आहे, तेवढे कबूल. पण तो सगळ्या अळिंब्यांचा नाही, शिझोफायलम कम्यून या एकाच जातीचा आहे. बुरशीचे अभ्यासक जॉन रेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेला हा अंदाज. कोण कुणाशी जुळेल हे जनुकांच्या दोन जागा ठरवतात, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’च्या दोन भागांत ९ आणि ३२ प्रकार, ‘बी’च्या दोन भागांत ९ आणि ९. गुणाकार करा, २३,३२८ येतात. एकेक कुणी मोजलेले नाहीत. आणि ही लिंगे नव्हेत, मिलन-प्रकार आहेत, म्हणजे कुणाचे कुणाशी जुळेल याचे गट. नर-मादी इथे कुणीच नाही.

वासाचा मुद्दा मात्र साफ उलटा. समोरच्याचे फेरोमोन, म्हणजे जोडीदारासाठी सोडलेले रासायनिक संकेत, ओळखून त्याच्या दिशेने वाढते ते यीस्ट. या अळिंबीचे तंतू समोर कोण आहे याची पर्वा न करता एकमेकांना जोडले जातात. चौकशी त्यानंतर! एकाचे फेरोमोन दुसऱ्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर, बसले, तरच केंद्रकांना (पेशीतल्या जनुकांच्या गाठोड्यांना) पलीकडच्या तंतूंत शिरून पुढे सरकायची वाट मिळते. स्वतःचे फेरोमोन स्वतःच्या रिसेप्टरला चालत नाही. चालले असते तर जोडीदाराशिवायच संकेत अखंड सुरू राहिला असता. बरे, हे सगळे फक्त ‘बी’चे काम. ‘ए’ही वेगळा हवा, नाहीतर आत शिरलेल्या केंद्रकांची नीट जोडी जमत नाही आणि पुढचे सगळे अडते. हा रिसेप्टर आपल्या नाकातल्या गंध-रिसेप्टरांच्याच मोठ्या कुळातला, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणारा. ‘वासा’चे पिल्लू तिथूनच सुटले असावे.

‘कुणाशीही जुळते’? रानातल्या परक्या नमुन्याशी, बहुतेक वेळा हो. पण एकाच छत्रीतून पडलेल्या बीजाणूंत, म्हणजे भावंडांत, साधारण चारातले एकच जुळते. आणि नेहमीच्या बटण मशरूमच्या बहुतेक बीजाणूंत जुळणारी दोन केंद्रके आधीच असतात, त्याला शोधाशोधच नको.

राहिले आकर्षण. हे फेरोमोन म्हणजे चरबीची शेपटी लावलेला प्रथिनाचा बारीक तुकडा. पोटात गेला की इतर प्रथिनांसारखाच पचणार. शिवाय तो ज्यावर बसतो तो बुरशीचा रिसेप्टर माणसाच्या पेशींवर नाहीच. ज्या तंतूने ते फेरोमोन बनवले, त्याचा स्वतःचा रिसेप्टरसुद्धा त्याला दाद देत नाही, आणि म्हणे खाणारा मोहक होणार!