तीन हजार दात आणि चहाची गाळणी

रविवारी संध्याकाळी चेंदणी कोळीवाड्याच्या कट्ट्यावर वाद पेटला तो मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कालवणावरून. नितीनच्या घरी दुपारी तेच होतं.

समीर म्हणाला, "सगळ्यात मोठी मोरी म्हणजे व्हेल शार्क. तोंडात ३,००० दात! माणूस सापडला तर चुरा."

"कसले दात? तो पाणी गाळून जगतो," नितीन उसळला.

मी मध्ये पडलो, कारण दोघंही अर्धे बरोबर होते. दात आहेत, ३०० हून जास्त ओळींत. पण एकेक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. चावणं, फाडणं हे त्यांचं कामच नाही. घसाही अरुंद, माणूस त्यातून उतरणं शक्य नाही.

"मग ठेवलेत कशाला?"

"पूर्वज चावणारे होते. खाण्याची पद्धत बदलली, दात बारीक झाले, पण गेले नाहीत. नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नाही रे, कल्ल्यांनी श्वास घेणारी मोरीच आहे."

समीर टपरीकडे बोट दाखवत म्हणाला, "ती गाळणी बघ, दोन कपांत चोथ्याने तुंबते. याची तुंबत नाही?"

हा खरा प्रश्न. घशाशी कल्ल्यांच्या वाटेवर स्पंजासारख्या जाळीच्या २० गाद्या असतात, भोकं मिलिमीटरभराहून थोडी मोठी. चहा गाळणीवर सरळ वरून पडतो, म्हणून चोथा बसतो. इथे पाणी जाळीला घासत मागे घशाकडे सरकतं, जाता जाता भोकांतून कल्ल्यांच्या पाच-पाच फटींवाटे बाहेर पडतं. प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशांची अंडी मात्र प्रवाहाबरोबर मागे जातात, घशाशी त्यांचा गोळा होतो आणि तो गिळला जातो. म्हणून भोकापेक्षा बारीक जीवही सुटत नाहीत. अडकलंच काही, तर तो खोकतो, पाणी उलटं फेकून जाळी धुतो! मला तर हे त्या ३,००० दातांपेक्षा कितीतरी मोठं नवल वाटतं.

आणि नुसतं तोंड उघडून पोहतो असंही नाही. खाणं दाट असेल तिथे उभा राहून पाणी आत ओढतो.

नितीन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकाच्या जाळ्यात आला होता एकदा. २००१ पासून कायद्याने संरक्षण आहे त्याला. जाळं कापून सोडला. मी होडीवरच होतो. तोंड एवढं उघडं, आत नुसता काळोख. दात दिसलेच नाहीत रे."