फाटकाच्या अलीकडचे दिवस

गेल्या फेब्रुवारीत माझा सहा वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने स्वीडनमधील गोथेनबर्गच्या रुग्णालयात नऊ दिवस होता. फुप्फुसाभोवती पू झाल्याने छातीत नळी घालावी लागली. नळी निघाली, ताप उतरला आणि आम्हाला घरी पाठवण्यात आले. पण मूल बरे करण्याचे काम खरे तर तेथून पुढे सुरू झाले. वेळच्या वेळी औषध, पाण्याच्या बाटलीत नळीने फुंकून बुडबुडे काढण्याचा व्यायाम, दोन घासांनंतर फिरवलेले तोंड, आणि रात्री अंधारात त्याच्या पोटावर हात ठेवून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजणे, यात आमचे पाच आठवडे गेले. मी शेजारच्या खोलीत गेलो तरी तो घाबरून हाक मारी.

या काळात आमचे उत्पन्न थोडे घटले, पण थांबले नाही. आजारी मुलाजवळ राहणाऱ्या पालकाला स्वीडनमध्ये 1974 पासून भत्ता मिळतो. आज बारा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत, पगाराच्या 80 टक्क्यांहून किंचित कमी अशी ही रक्कम सरकारी विम्यातून येते, आणि आठव्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला लागतो. आईवडिलांऐवजी शेजारी आपले काम बुडवून मुलाजवळ बसला, तर हे दिवस त्यालाही देता येतात. मला या तरतुदीचा उपयोग झाला नाही, कारण आमच्या इमारतीत मुलाजवळ बसेल असे कोणी नव्हतेच.

एप्रिलमध्ये त्याला घेऊन देवगड तालुक्यातील आमच्या घरी आलो. आईने मीठमोहरीने दृष्ट काढली, सकाळी उकड्या तांदळाची पेज सुरू झाली, खळ्यात शेजारची मुले जमू लागली आणि आठवडाभरात मूल स्वतःहून जेवण मागू लागले. तिकडच्या भत्त्याने हे घडले नव्हते, हे मला मान्य केलेच पाहिजे.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींची आठ वर्षांची मुलगी गोव्याच्या रुग्णालयातून घरी आली. सड्यावर काजू वेचताना तिला फुरसे चावले होते. प्रतिविषाने जीव वाचला, पण घोट्याजवळ मोठी जखम राहिली आणि दिवसाआड ड्रेसिंगला न्यावे लागे. एसटीची वाट, रांग आणि परतीची गाडी यांत दुपार उलटून जाई. वहिनी आंब्याच्या पेट्या भरायला रोजंदारीवर जातात आणि हंगामाचे हे दोन महिने हीच त्यांच्या वर्षाची मोठी कमाई. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या जागी दुसऱ्या बाईला घेण्यात आले.

आमच्याकडे आरोग्याची चर्चा होत नाही असे मुळीच नाही. गोव्याने 2018 साली परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला होता. पुढे सिंधुदुर्गनगरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरांची रिक्त पदे आणि वर्षानुवर्षे रखडलेला मुंबई-गोवा महामार्ग हे विषय तर रोजचेच. या साऱ्या मागण्या रास्त आहेत, पण त्या रुग्णालयाच्या फाटकाशी थांबतात.

पडवीत हा विषय निघाला तेव्हा माझे काका म्हणाले की, तिकडे माणसे नाहीत म्हणून सरकार पैसे देते, आपल्याकडे माणसे आहेत. या म्हणण्यातले अर्धे सत्य मी माझ्या मुलाच्या ताटात पाहिले आहे. “तू कामाक जा, चेडवाक आमी बघतव,” असे वहिनींना चार घरांतून सांगण्यात आले आणि ते मनापासून होते. पण म्हणणाऱ्या बायकांपैकी तिघी त्याच हंगामात त्याच पेट्या भरत होत्या. त्यांच्यातली एखादी मुलीजवळ बसली असती, तर तिची मजुरी बुडाली असती. घरात माणूस आहे याचा अर्थ त्याचा दिवस फुकट आहे असा आपण का घेतो, आणि तो दिवस बहुतेक वेळा बाईचाच का असतो? शिवाय कोकणातील कितीतरी घरे मुंबईच्या वाटेने रिकामी झाली असताना माणसांच्या भरवशावर धोरण सोडणे मला धोक्याचे वाटते.

रजेची कल्पना आपल्याला परकी नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्र शासनाने 2018 साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये, आजारी मुलाच्या आईच्या प्रकरणात, स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नव्हे आणि त्यासाठी ही रजा महत्त्वाची आहे असे स्पष्ट केले. प्रश्न सरकारी नोकरी नसलेल्यांचा आहे. राज्य कामगार विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, मूल आजारी पडले तर नाही. आणि वहिनी तर त्या योजनेतही नाहीत.

स्वीडनचे 120 दिवस येथे उद्या आणा, असे मी म्हणत नाही. तेथील करही तसेच जबर आहेत. परंतु क्षयरुग्णाच्या खात्यात उपचारांच्या काळात पोषणाचे पैसे थेट जमा करण्याची व्यवस्था या देशात 2018 पासून चालू आहे. रुग्णालयातून घरी सोडलेल्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी पालकाच्या सोबतीचे दिवस लिहावेत आणि त्यांपैकी पंधरा दिवसांची किमान मजुरी, मुलाजवळ जो कोणी बसेल त्याच्या खात्यात जमा व्हावी, एवढी सुरुवात अशक्य नाही.

1 मेच्या ग्रामसभेत रस्ता आणि रिक्त पदे हे विषय झाले. वहिनी ड्रेसिंगला गेल्या होत्या. पुढची सभा 15 ऑगस्टला आहे. तेव्हा मी गोथेनबर्गला असेन, पण भावाने ही मागणी लेखी देण्याचे कबूल केले आहे आणि अर्जावर पहिली सही वहिनींनी केली आहे.